साइटचे रंग लॅपटॉपवर झकास, गिऱ्हाईकाच्या फोनवर गायब: काय तपासायचं आणि कुठल्या क्रमाने

आधी लक्षणं सांगते, यातलं एखादं जुळलं तर पुढे वाचा.

- लॅपटॉपवर साइट मस्त दिसते पण फोनवर भाव, पत्ता, फोन नंबर वाचता येत नाही, आणि दुकानाबाहेर उन्हात गेलं की पानच कोरं.
- फुकटच्या टूलवरून पाच रंग घेतले, पट्ट्या बघताना वा वा, साइटवर लावल्यावर रंगपंचमीची गेर (इंदूरला रंग उधळत निघते ती मिरवणूक).
- एकच मरून वरच्या पट्टीत वेगळा आणि खाली बटणावर वेगळा वाटतो, कोड मात्र तोच.
- रंग बदलला, सेव्ह केलं, मालक म्हणतो अजून जुनाच दिसतोय.
- तुमच्या फोनवर पान पांढरं आणि त्यांच्या फोनवर काळपट, त्यावर लोगो चिकटवल्यासारखा.
- साडीचा किंवा लोगोचा रंग काही केल्या "असली" येत नाही.

मी इंदूरला रामबागेत राहते, राजवाडा, सराफा, क्लॉथ मार्केट इथल्या छोट्या दुकानांच्या साइट करते, मधून मधून नमकीनवाले आणि भंवरकुआँचे कोचिंगवाले पण येतात. आणि खरं सांगायचं तर यातले निम्मे लोक नवीन साइट करायला येतच नाहीत, आहे ती साइट घेऊन येतात आणि म्हणतात, "दीदी, पढ़ने में नहीं आ रहा." साइट कोणी भाच्याने केलेली असते, कोणी ऑनलाइन बिल्डरवर स्वतः, पण आजार इतक्या वेळा तोच निघालाय की आता साइट उघडायच्या आधीच मी विचारते, क्रीम पानावर गोल्डन अक्षरं आहेत का? बहुतेक असतात.

खाली क्रम मुद्दाम असा ठेवलाय की जे फुकट आणि एका मिनिटात होतं ते आधी. लोक नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी थीम (साइटचा तयार साचा) बदलतात, नवीन पॅलेट म्हणजे रंगांचा संच लावतात, आणि दोष होता फोनच्या सेटिंगमध्ये.

आधी हे बघा की तुम्ही नवीनच साइट बघताय ना

हसू नका. एका साडीच्या दुकानासाठी मी फोनवर बोलत बोलत हेडरचा रंग तीनदा बदलला आणि पलीकडून तिन्ही वेळा उत्तर एकच, "कुछ नहीं बदला." दीड तास गेला. त्यांचा ब्राउझर जुनी स्टाइलची फाइल स्वतःजवळ साठवून तीच दाखवत होता. लॅपटॉपवर कंट्रोल शिफ्ट आर दाबा, फोनवर इन्कॉग्निटो टॅबमध्ये साइट उघडा. साइटवर कॅशिंगचं प्लगइन (पान लवकर उघडावं म्हणून त्याची प्रत साठवून ठेवणारी जोडणी) असेल तर तेही रिकामं करा, नाहीतर सर्व्हरच जुनं पान देत राहतो आणि इन्कॉग्निटोचा पण उपयोग होत नाही. हे पहिलं करायचं कारण सरळ आहे, पुढच्या प्रत्येक तपासणीत तुम्ही काहीतरी बदलून परत बघणार आणि समोर जुनंच पान असेल तर सगळे निष्कर्ष चुकणार.

मग फोनचा चष्मा उतरवा

फोन स्वतः रंग बदलतो हे निम्म्या लोकांच्या लक्षातच येत नाही. रात्री डोळ्यांना त्रास नको म्हणून जो पिवळट मोड असतो तो चालू राहिलेला असतो, त्यात पांढरं पान क्रीम होतं आणि क्रीम पान बदामी. काही फोनवर स्क्रीन "व्हिव्हिड" वर असते, तिथे साधा गुलाबी पण राणी कलर होतो. विंडोजमध्ये पण नाइट लाइट असतो, वेळ लावून ठेवलेली असेल तर संध्याकाळी आपोआप लागतो, आणि छोट्या साइटींचं काम बहुतेक संध्याकाळीच होतं, नोकरीवरून आल्यावर. मी स्वतः एकदा रात्री अकराला एक "सुंदर ऑफ-व्हाइट" निवडला होता, सकाळी बघते तर निळसर. नाइट लाइटच्या पिवळेपणाला माझ्या डोळ्यांनी निळ्याने काट मारली होती.

डार्क थीमचं तर वेगळंच. काही फोनचे ब्राउझर साइटने न विचारता पान स्वतःच काळं करतात, म्हणजे तुमचे रंग उलटेपालटे करून अंदाजाने डार्क पान बनवतात, आणि पांढऱ्या चौकोनावरचा जेपीजी लोगो त्यात ठिगळासारखा दिसतो. मालकाच्या फोनवर डार्क थीम बंद करून बघा. बंद केल्यावर सगळं नीट दिसलं तर तुमचे रंग निर्दोष आहेत. मग दोन इलाज: लोगो पारदर्शक पीएनजी किंवा एसव्हीजी करून टाका, आणि साइटच्या स्टाइलमध्ये (सीएसएस) कलर-स्कीमला "ओन्ली लाइट" असं लिहा, क्रोमचं आपोआप काळं करणं त्याने थांबतं. सगळेच ब्राउझर ऐकतील असं नाही, म्हणून लोगोचा इलाज आधी.

निदान तीन फोनवर बघा. एक तुमचा, एक स्वस्तातला, आणि एक घरातल्या मोठ्या माणसाचा ज्याची काच तडकलेली आहे आणि ब्राइटनेस बॅटरी वाचवायला अर्ध्यावर आहे. माझ्याकडे हे काम बाबांचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, फोन जुना, आणि शेरे मारताना अजिबात दयामाया नाही.

फोन घेऊन उन्हात जा

ही माझी सगळ्यात आवडती तपासणी आणि हिला कुठलंच टूल लागत नाही. मागच्या उन्हाळ्यात राजवाड्याजवळच्या एका दुकानात बसले होते, आत एसी, ट्यूबलाइट, काउंटरवर मालकाचा फोन, साइट अगदी लग्नपत्रिकेसारखी, क्रीम पान आणि सोनेरी अक्षरं. काका म्हणाले, इतकी रॉयल दिसतेय, लोक म्हणतात वाचता येत नाही, लोकांचेच डोळे खराब. मी म्हटलं काका, दोन मिनिटं बाहेर या. दुपारचा दीड वाजलेला. फोन उन्हात धरला आणि पानावरचं सगळं गेलं, साड्यांची नावं, भाव, "ऑर्डर करा", काही म्हणजे काही नाही, फक्त वरच्या मरून पट्टीत दुकानाचं नाव तेवढं दिसत होतं. आणि गंमत अशी की ते नाव पण त्याच सोनेरी रंगात होतं. तोच रंग, पट्टीत वाचता येतोय, पानावर नाही. काका फोनकडे बघत राहिले, मग आतल्या एका मरून साडीचा काठ उलगडून म्हणाले, "जरी पण अशीच असते नाही का, गडद अंगावरच उठते."

बस. आजाराचं मूळ एवढंच आहे. रंग वाईट नसतो, तो ज्यावर ठेवलाय त्याच्याशी त्याचं उजेड-अंधाराचं अंतर कमी पडतं. म्हणून रंग बदलायच्या आधी त्याची जागा बदलून बघा.

ऊन नसेल, पावसाळा असेल, तर स्क्रीन ग्रे करून बघा. अँड्रॉइडच्या नव्या फोनमध्ये सेटिंग्स, ॲक्सेसिबिलिटी, कलर करेक्शन, तिथे ग्रेस्केल मिळतं, आयफोनमध्ये ॲक्सेसिबिलिटीत डिस्प्ले अँड टेक्स्ट साइझ आणि त्यात कलर फिल्टर्स. ते पण नको असेल तर स्क्रीनशॉट काढून गॅलरीत ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. आता जे वाचता येत नाही ते उन्हात पण वाचता येणार नाही. अक्षर वाचताना डोळा रंगापेक्षा उजेडातला फरक पकडतो, आणि स्क्रीनवरच्या उजेडात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ आणि निळ्याचा फक्त ७ धरतात. म्हणून पांढऱ्यावर पिवळं जातं (पिवळा म्हणजे लाल अधिक हिरवा, जवळजवळ पांढऱ्याइतकाच उजेड) आणि काळ्यावर भडक निळं पण जातं. लालभडक पट्टीवर साधा गडद हिरवा, हॅश ००८००० वाला (साइटमध्ये प्रत्येक रंगाला असा सहा आकडी कोड असतो), रंगात एकमेकांचे वैरी पण ग्रे केले की भाऊ भाऊ.

आता आकडा काढा

इथपर्यंत टूल नव्हतं. आता वेबएमचा (WebAIM) कॉन्ट्रास्ट चेकर उघडा, फुकट आहे, लॉगिन नाही, दोन खाने, एकात अक्षराचा रंग आणि दुसऱ्यात पाठीमागचा. तो एक रेशो देतो, म्हणजे दोन रंगांच्या उजेडातलं अंतर आकड्यात. काळ्यावर पांढरं म्हणजे २१, त्याच्या वर काही नाही, आणि सारखेच दोन रंग म्हणजे १. वेबसाइटींसाठी जे जागतिक नियम आहेत, डब्ल्यूसीएजी, त्यात साध्या अक्षराला किमान ४.५ आणि मोठ्या अक्षराला ३ लागतो. मोठं म्हणजे साधारण २४ पिक्सेल, बोल्ड असेल तर १९ च्या आसपास. हे आकडे २००८ च्या आवृत्तीतले. पुढे २०१८ मध्ये बटणं आणि फॉर्मचे खाने यांच्यासाठी पण ३ ची अट आली, कारण लोकांना खान्याची फिकट रेघच दिसत नव्हती की नाव लिहायचं कुठे.

काही आकडे माझे पाठ झालेत, तुम्ही पण टाकून बघा (अर्थात चेकरमध्ये आकडे इंग्रजीत टाइप करा):

पांढऱ्यावर ग्रे ९९९९९९ म्हणजे २.८५, नापास, आणि हाच ग्रे थीमवाल्यांचा सगळ्यात लाडका. ७७७७७७ साडेचारला जरासा कमी पडतो. ७६७६७६ लगेच पास, ४.५४. एवढासा फरक, डोळ्याला कळत पण नाही, म्हणून काठावर पास होण्यात अर्थ नाही, सरळ ३३३३३३ घ्या, साडेबारा मिळतो.

मरून ८००००० पांढऱ्यावर जवळजवळ ११. मरून म्हणजे पैसा वसूल रंग.

सोनेरी, आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचे आकडे) २१२, १७५, ५५, क्रीमवर जेमतेम २. तोच सोनेरी ८००००० मरूनवर ५.२. काकांच्या दुकानात उन्हात जे दिसलं ते हेच होतं, आकड्यात.

भगवा, आरजीबी २५५, १५३, ५१, त्यावर पांढरी अक्षरं २.१. प्रत्येक गणेश मंडळाच्या पानावर असतात. तिथेच काळी ठेवली तर पावणेदहाच्या वर जातं पण कोणी ऐकत नाही, म्हणे काळं शुभकार्यात नको. बरं, मग खूप गडद तपकिरी घ्या, काळ्यासारखंच काम करतं आणि आजीची पण हरकत नाही.

व्हॉट्सॲपवर ऑर्डर करा म्हणून जे हिरवं बटण दुकानदार लावतात, आरजीबी ३७, २११, १०२, त्यावर पांढरी अक्षरं २ पण होत नाहीत. बटणावर फक्त चिन्ह मोठं ठेवा आणि शब्द बाजूला गडद रंगात लिहा, किंवा बटणावरचा शब्दच काळा करा, मग दहाच्या वर.

एक आपलं देवनागरीचं सांगते. हे नियम अक्षराच्या आकाराला धरून आहेत पण आपल्या मात्रा, रफार, अनुस्वार, जोडाक्षरातल्या बारीक गाठी फिकट रंगात सगळ्यात आधी उडतात, "शेंगदाणा" चं "शेगदाणा" होतं. मी मराठी-हिंदी मजकुराला १८ पिक्सेलच्या खाली जात नाही, पातळ वजनाचा फॉन्ट घेत नाही आणि ४.५ ऐवजी ७ धरूनच चालते. ७ हा त्याच नियमांतला वरचा दर्जा आहे, माझ्या मनाचा आकडा नाही.

पाच पट्ट्यांचा फसवा मामला

आता पॅलेटच्या टूल्सकडे. कूलर्स उघडा, स्पेस बार दाबा, पाच रंग येतात, परत दाबा, परत पाच, तासभर कसा जातो कळत नाही, चाट खायला सराफ्यात गेल्यासारखं. ॲडोबी कलरमध्ये चाक फिरवून जुळणारे रंग निघतात, पॅलेटन पण तसंच, आणि कलर हंटवर लोकांनी केलेले तयार संच पडलेत. सगळी टूल्स चांगली आहेत, मी रोज वापरते. गडबड अशी की बहुतेक टूल्स रंग सारख्या मापाच्या पट्ट्यांत दाखवतात आणि साइट कधीच सारख्या मापाची नसते. साइटमध्ये एक रंग अंगभर, एक पदराएवढा आणि एक टिकलीएवढा. पाचही रंग सारख्या हिश्शाने लावले की झाली गेर.

म्हणून पॅलेट घेतल्या घेतल्या प्रत्येक रंगाला काम द्या: पान कुठलं, मजकूर कुठला, बटण कुठलं. काम न मिळालेला रंग सरळ काढून टाका. घर सजवणाऱ्यांत ६०-३०-१० चं माप चालतं, साठ हिस्से मुख्य रंग, तीस जोडीचा, दहा उठावाचा. साइटला पण साधारण तेच लागू पडतं, फक्त माझं मत असं की छोट्या दुकानाला दहा पण जास्त, पाच ठेवा. बटणाचा रंग दुसरीकडे कुठेही वापरू नका, म्हणजे डोळा आपोआप बटणाकडे जातो. एका नमकीनवाल्याच्या साइटवर लाल हेडर, लाल हेडिंग, लाल तारा, लाल "नवीन" आणि लाल "ऑर्डर करा" होतं, लोक ऑर्डरचं बटण शोधत फोन करायचे. बटण सोडून बाकी सगळा लाल तपकिरी केला. रंग वाढवला नाही, नुसता आवरला.

रिअलटाइम कलर्स नावाचं टूल आहे, ते याच कामासाठी बरं. तिथे पट्ट्यांऐवजी खऱ्याखुऱ्या पानावर रंग लावून दिसतात आणि पाच खाने कामाच्या नावानेच आहेत: मजकूर, पार्श्वभूमी, मुख्य, दुय्यम, उठाव. कूलर्समधून घेतलेले रंग मी आधी इथे टाकते, मगच साइटला हात लावते. आणि कूलर्समध्ये कुलूप असतं ते वापरा, दुकानाचा ठरलेला रंग कुलूपबंद करून मगच स्पेस बार, नाहीतर दर वेळी नवीन नवरी.

अजून एक. पॅलेटमधले सगळेच रंग मधल्या उजेडाचे असतील (कलर हंटवरचे गोड गोड फिके संच बघा) तर त्यात मजकुराला रंगच नसतो. त्या संचात एक जवळजवळ पांढरा आणि एक जवळजवळ काळा स्वतः घाला. नव्वद टक्के वेळा मला एवढंच करावं लागतं आणि मालकाला वाटतं मी काहीतरी जादू केली, फीचा विषय निघेपर्यंत मी पण तसंच वाटू देते.

ते वर लक्षणांत लिहिलं होतं ना, एकच मरून दोन ठिकाणी वेगळा दिसतो, त्याचं पण इथेच उत्तर. तो कोडचा दोष नाही, शेजाऱ्याचा आहे. पॅरिसच्या गोबलँ कारखान्यात भिंतीवर टांगायची चित्रांची जाजमं विणली जायची, तिथे रंगाईचा प्रमुख म्हणून शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता, त्याच्याकडे तक्रार आली की काळा रंग कच्चा चढतोय. त्याने तपासलं तर रंग पक्का होता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांमुळे काळा फिका वाटत होता. १८३९ मध्ये त्याने यावर सगळं लिहून काढलं. तुमचा मरून केशरीशेजारी जांभळट दिसेल आणि राखाडीशेजारी लालबुंद. खात्री करायला दोन्ही ठिकाणचा स्क्रीनशॉट घेऊन रंग उचलायच्या टूलने कोड काढा, कोड सारखा आला तर मरूनला हात लावू नका, शेजारी बदला किंवा मधे पांढरी जागा सोडा.

फोटोतून उचललेला रंग

हे साडीवाल्यांचं खास दुखणं. मालक माहेश्वरी साडीचा फोटो देतात आणि म्हणतात, हाच रंग साइटला हवा. ॲडोबी कलरमध्ये फोटो टाकला की रंग निघतात, फुकटचे पिकर पण भरपूर आहेत, पण एका जागी क्लिक करा, मग अगदी शेजारी करा, तिसऱ्यांदा अजून थोडं बाजूला, तिन्ही वेळा वेगळा कोड. माहेश्वरीत पुष्कळदा उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या, रेशीम आणि सूत, त्यामुळे कापड हलवलं की रंग हलतो, धूपछाँव म्हणतात ती. फोटो मोठा करून बघाल तर पिक्सेल पिक्सेलला हिरवा आणि जांभळा आलटून पालटून बसलेले दिसतील. यातला "असली" कुठला?

उपाय: फोटो कुठल्याही एडिटरमध्ये चांगला ब्लर करा आणि मग रंग उचला, म्हणजे दोन्ही धाग्यांची सरासरी येते. फोटो ट्यूबलाइटखाली नको, खिडकीशी सावलीत काढा, पिवळ्या बल्बखाली तर मुळीच नको. आणि हा रंग पार्श्वभूमीला न घालता पट्टीला, काठाला वापरा. साडी जशी.

व्हिजिटिंग कार्डावरचा रंग स्क्रीनवर जुळत नसेल तर तो तसाच जुळणार नाही. छपाई चार शाईंनी होते, स्क्रीन तीन दिव्यांनी. स्क्रीनवरचा पोपटी शाईत उतरत नाही. कार्डाच्या जवळ जाणारा रंग डोळ्याने ठरवा आणि विषय संपवा.

ज्यांना लाल-हिरवा सारखा दिसतो

युरोपीय वंशाच्या पुरुषांत साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक कमी दिसतो, बायकांत अर्धा टक्का. आपल्याकडेही असे लोक आहेत, कित्येकांना स्वतःला माहीत नसतं. तर "स्टॉकमध्ये आहे" हिरव्या टिंबाने आणि "संपलं" लाल टिंबाने दाखवू नका, शब्द लिहा. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून तीन टिंबं, मोअर टूल्स, रेंडरिंग, तिथे व्हिजन डेफिशियन्सीचं इम्युलेशन आहे, आपलं पान त्या डोळ्यांनी बघता येतं. स्क्रीनशॉट टाकून बघायचा असेल तर कोब्लिस नावाचं टूल आहे. एका कोचिंगच्या निकालाच्या पानावर पास आणि नापास फक्त रंगाने दाखवले होते, त्या मोडमध्ये सगळे एकाच मातकट रंगात, पास कोण काही कळेना. पुढे "उत्तीर्ण" लिहिल्यावर झालं.

एवढं करून पण अक्षर फिकटच असेल तर

आता कोडमध्ये शिरावं लागेल, पण बघण्यापुरतंच. फिकट अक्षरावर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट करा, स्टाइल्समध्ये रंगाचा छोटा चौकोन असतो त्यावर क्लिक केलं की क्रोम कॉन्ट्रास्टचा रेशो पण दाखवतो. तुम्ही दिलेला रंग आडवी रेघ मारून खोडलेला दिसला तर थीमचा किंवा प्लगइनचा दुसरा नियम त्याच्यावर चढून बसलाय. खोडलेला नाही तरी फिकट, तर ओपॅसिटी (रंग किती आरपार दिसतो त्याचा आकडा) शोधा. थीमवाले ०.६ वगैरे टाकून ठेवतात, म्हणजे तुम्ही काळा दिला तरी तो ग्रे होऊनच उमटतो आणि कॉन्ट्रास्ट चेकरमध्ये तुम्ही काळ्याचाच आकडा बघून खूश. हे मला सापडायला पहिल्यांदा दोन दिवस लागले होते. आठ आकडी हेक्स कोड दिसला तर शेवटचे दोन पारदर्शकतेचे असतात, तिथे पण तीच चोरी.

फोटोवर पांढरी अक्षरं असतील तर फोटोवर काळा थर घाला, निम्म्याहून जास्त गडद, आणि स्लायडरमधला (एकामागून एक सरकणाऱ्या फोटोंमधला) सगळ्यात पांढरा फोटो घेऊन तपासा, पहिला नाही.

फोटो अपलोड केल्यावर मेल्यासारखा दिसत असेल तर तो बहुतेक छपाईसाठीच्या प्रोफाइलमध्ये सेव्ह झालेला असतो, प्रेसवाल्याकडून आलेल्या फाइलीत हे हमखास. एसआरजीबीमध्ये (स्क्रीनसाठीचं प्रोफाइल) एक्स्पोर्ट करून परत चढवा.

इथे थांबा

थीमच्या मूळ फाइली बदलायची वेळ आली की थांबा. त्यात हात घातला तर पुढच्या अपडेटला सगळं पुसलं जातं, किंवा साइटच पांढरी पडते, आणि मग जो येतो तो दुरुस्तीचे वेगळे पैसे घेतो. चाइल्ड थीम (मूळ थीमला हात न लावता आपले बदल वेगळे ठेवणारी जोड-थीम) करता येत असेल तर करा, नाहीतर डेव्हलपर बोलवा. पेमेंटच्या पानाचे रंग स्वतः बदलायला जाऊच नका, तिथे एखादं बटण लपलं तर नुकसान रुपयांत.

कपडा ऑनलाइन विकता आणि "रंग वेगळा आला" म्हणून माल परत येतोय, तर हे साइटच्या पॅलेटचं काम नाही. फोटोग्राफर लागेल जो कलर कार्ड ठेवून फोटो काढतो आणि ज्याचा मॉनिटर यंत्राने कॅलिब्रेट केलेला आहे. डोळ्याने मॉनिटर जुळवता येत नाही, मी करून बघितलंय.

सरकारी खात्याचं काम मिळालं असेल तर फुकटच्या चेकरवर भागवू नका. सरकारी साइटींना जीआयजीडब्ल्यू नावाचे नियम आहेत, मागे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, तिथे रीतसर ॲक्सेसिबिलिटी ऑडिट करणारा माणूसच लागतो.

आणि घरातले सगळे म्हणताहेत हे हिरवं आहे आणि तुम्हाला ते तपकिरी दिसतंय, दर वेळी, तर टूल बंद करा आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा. ठिपक्यांची चित्रं दाखवून पाच मिनिटांत कळतं. एका डोळ्याने पांढरं पान पिवळट दिसत असेल तर तेही डॉक्टरलाच सांगायचं, बाबांचा मोतीबिंदू आम्हाला असाच कळला, मंडळाच्या साइटचा पांढरा रंग "मळका" आहे म्हणून ते माझ्याशी आठवडाभर भांडत होते.

डेव्हलपर किंवा डिझायनरकडे जाल तेव्हा रिकाम्या हाताने जाऊ नका. तीन फोनचे स्क्रीनशॉट, त्यातला एक ग्रे केलेला, कुठल्या अक्षराचा रेशो किती आला ते एका कागदावर, आणि दुकानाचा ठरलेला एकच रंग कोडसकट. एवढं समोर ठेवलं की तो "पूरी साइट नई बनानी पड़ेगी भिया" म्हणायच्या आधी जरा थांबतो.